कुडाळ ते दादर: कुमार कादंबरी घेऊन शहरात जाताना

कुमार कादंबरीच्या प्रकाशनाला ऐंशी माणसं आली, तर त्यात चौदा-पंधरा वर्षांची मुलं चार-पाच असतात. ती आईबाबांबरोबर आलेली असतात आणि तिसरं भाषण सुरू झालं की दाराकडे बघू लागतात. ज्यांच्यासाठी पुस्तक लिहिलं ते वाचक सभागृहात येत नाहीत, शाळेत भेटतात. म्हणून मुंबईची फेरी ठरवताना मी आधी शाळेची वेळ पक्की करते आणि सभागृहाचा विचार त्यानंतर करते. प्रकाशकाला हे सुरुवातीला पटत नाही, कारण सभागृह मिळणं अवघड असतं आणि शाळा काय, कधीही मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात नेमकं उलटं असतं.

शाळेचं वर्ष डोळ्यांसमोर ठेवलं की मोकळे दिवस थोडेच उरतात. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात, पण पहिले तीन-चार आठवडे प्रवेश, वह्यापुस्तकं आणि वेळापत्रक बसवण्यात जातात. जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्टचे पहिले आठवडे चांगले. मग गणपती. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन कागदावर आपल्यासाठीच असल्यासारखा दिसतो, पण तेव्हा बहुतेक ठिकाणी प्रथम सत्र परीक्षा चाललेली किंवा तोंडावर आलेली असते. दिवाळीनंतर शाळा उघडल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ मला सगळ्यात आवडतो. पुढे स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की वर्ग जागेवर सापडत नाही. १४ ते २८ जानेवारीला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो. त्या दिवसांत शाळा स्वतःहून बोलावतात, पण एकाच आठवड्यात चार-पाच पाहुणे येतात आणि मुलं दमलेली असतात. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन माध्यमिक शाळेसाठी अडचणीचाच. दहावीची परीक्षा चालू असते आणि शाळा परीक्षा केंद्र असेल तर इमारतीत पाऊल टाकता येत नाही.

वार शनिवार. बऱ्याच शाळा शनिवारी सकाळच्या असतात, आणि संध्याकाळी सभागृहात माणसं येऊ शकतात. शुक्रवारी संध्याकाळी कुडाळहून निघायचं, शनिवारी सकाळी दादरला उतरायचं, शाळा करायची, संध्याकाळचा कार्यक्रम करायचा आणि त्याच रात्री परत. यात एकच मेख आहे. शनिवारी तास लहान असतात, तीस मिनिटांच्या आसपास. म्हणून शाळेला लिहायच्या पत्रातच जोडतास, म्हणजे लागोपाठचे दोन तास, मागायचा.

पत्र मुख्याध्यापकांच्या नावे, साध्या कागदावर, एका पानात. बरोबर पुस्तकाची एक प्रत. इयत्ता आठवी-नववी, जास्तीत जास्त दोन तुकड्या, मुलं जमिनीवर बसली तरी चालेल, पण वर्ग किंवा लहान सभागृह हवं, मैदान नको, हे त्यात स्पष्ट लिहिते. अख्खी शाळा समोर बसवण्याचा आग्रह होतो. तो आपुलकीचा असतो, तरी नम्रपणे नाही म्हणावं लागतं. तीनशे मुलांसमोर भाषण होतं, संवाद होत नाही. मागच्या रांगांना माईकचा घुमणारा आवाज तेवढा ऐकू येतो.

पत्रातला दुसरा परिच्छेद पुस्तकात काय आहे याचा. या वयाच्या कादंबरीत प्रेम येतं, पाळी येते, घरातली मारहाण येते, जात येते, कधी आत्महत्येचा उल्लेख येतो. ते लपवून शाळेत गेलं तर आठवड्यानंतर एखाद्या पालकाचा फोन मुख्याध्यापकांना जातो आणि पुढच्या लेखकासाठीही दार बंद होतं. मी पानांचे क्रमांक लिहून देते: अमुक पानावर हा प्रसंग आहे, तो मी वर्गात वाचणार नाही, पण पुस्तक घरी नेणाऱ्याला तो भेटेल. असं आधी सांगितलं की बहुतेक शिक्षक खंबीरपणे पाठीशी उभे राहतात. एखाद्या शाळेने नको म्हटलंच, तर ते आधी कळणं दोघांच्याही सोयीचं.

आता पुस्तकांच्या ओझ्याकडे. कादंबऱ्यांचा नेहमीचा डेमी आकार, १६० पानं, ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो हा छपाईचा साधा कागद आणि लॅमिनेशन केलेलं मुखपृष्ठ धरलं, तर एका प्रतीचं वजन साधारण १८५ ग्रॅम भरतं. चोवीस प्रती म्हणजे साडेचार किलोच्या जरा आत. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण ज्ञान पोस्ट या टपाल खात्याच्या पुस्तकांसाठीच्या सेवेची मर्यादा ५ किलोची. १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या या सेवेत ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असे दर ठरले, कर वेगळा. चोवीस प्रतींचा खोका पुठ्ठ्यासकट त्यात बसतो, पंचवीस घातल्या तर काटा मर्यादेपलीकडे जातो. खोक्यात जाहिरातीची पत्रकं किंवा कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिका घालू नयेत. पार्सल रस्त्याने जातं, त्यामुळे मी दहा दिवस हाताशी ठेवते. पत्ता शाळेचा किंवा मुंबईतल्या खात्रीच्या घराचा द्यावा, सभागृहाचा नको. तिथे घेणारं कुणी नसलं तर पार्सल उलट्या पावली परत येतं.

पुस्तकं थेट छापखान्यातून कार्यक्रमाला आणण्याची वेळ येऊ देऊ नये. बाइंडिंग झाल्यावर गठ्ठा निदान एक दिवस दाबाखाली राहायला हवा. कालच चिकटवलेलं पुस्तक सहीसाठी पूर्ण उघडलं की कण्याला भेग पडते आणि महिन्याभरात मधली पानं हातात येतात. खोका भरताना पुस्तकं आडवी ठेवायची, पाच-पाचच्या थराने कण्याची बाजू आलटून पालटून, म्हणजे ढीग एका अंगाला कलत नाही. कोपऱ्यांत चुरगाळलेला कागद. पावसाळ्यात आधी प्लास्टिकची पिशवी आणि मग खोका. कोकणातल्या दमट हवेत चार दिवस उघडी पडलेली मुखपृष्ठं धनुष्यासारखी वळतात आणि टेबलावर नीट बसत नाहीत.

गाडी म्हणजे तुतारी एक्स्प्रेस. सावंतवाडी ते दादर धावणाऱ्या या गाडीला २०१७ मध्ये केशवसुतांच्या कवितेचं नाव मिळालं. पुस्तकांचे खोके घेऊन तिच्यात बसताना मला दर वेळी बरं वाटतं. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी ते एकशेवीस दिवस होतं. म्हणजे शाळेचा होकार दोन महिने आधी हातात हवा. स्लीपरच्या तिकिटावर चाळीस किलो सामान नेता येतं, त्यामुळे दोन खोक्यांना अडचण नाही. खालचा बर्थ मिळाला तर खोके बाकाखाली सरकवते, पण आधी जमीन ओली आहे का बघते. गणपतीनंतरचे दिवस, शिमग्यानंतरचे दिवस आणि मे महिना, या काळात मुंबईकडे जाणारी प्रत्येक गाडी चाकरमान्यांनी भरलेली असते. तेव्हा कार्यक्रम घेऊच नये. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि वेळाही बदलतात. जून ते ऑक्टोबरमध्ये सकाळी साडेआठची शाळा मी स्वीकारत नाही, साडेदहाची मागते.

परतीच्या तिकिटाचा घोळ मात्र भल्याभल्यांचा होतो. दादरहून तुतारी रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. शनिवारच्या रात्री निघायचं असेल तर तिकीट रविवारच्या तारखेचं काढायला हवं. शनिवारची तारीख टाकली की त्या तिकिटाची गाडी आपण मुंबईत पोचण्याच्या सात तास आधीच निघून गेलेली असते.

सकाळी दादरला उतरल्यावर दिशा महत्त्वाची. त्या वेळी गर्दी मुंबईच्या दक्षिणेकडे वाहते. ठाणे-डोंबिवलीकडे जाणाऱ्या लोकल त्या मानाने रिकाम्या असतात आणि पुस्तकांची पिशवी घेऊन उभं राहता येतं. म्हणून सकाळची शाळा ठाण्याची किंवा डोंबिवलीची घ्यावी आणि संध्याकाळचा कार्यक्रम दादर, माटुंगा, पार्ल्याला. याच्या उलट आखणी केली तर दोन्ही वेळा गर्दीच्या तोंडी सापडतो. डिसेंबर २०२३ पासून दादरला फलाटांचे क्रमांक सलग झाले आहेत. पश्चिम रेल्वेचे १ ते ७, मध्य रेल्वेचे ८ ते १४. जुन्या सवयीने 'तीन नंबरला भेटू' असं कुणाला सांगू नये.

वर्गातला वेळ हा या सगळ्या धडपडीचा गाभा. जोडतास मिळाला तरी प्रत्यक्षात हातात पंचेचाळीस-पन्नास मिनिटं येतात. हजेरी, दुसऱ्या तुकडीचं येणं, बाकं सरकवणं, शिक्षकांनी करून दिलेली ओळख यात दहा मिनिटं जातात. ओळख लहान व्हावी म्हणून मी तीन ओळी आधीच लिहून देते. पुरस्कारांची यादी त्यात नसते. मुलांना त्यातून काही मिळत नाही.

मोठ्याने वाचताना मराठी मजकूर मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्दांच्या वेगाने नीट पोचतो. सहा मिनिटं म्हणजे साडेसहाशे शब्द, छापील अडीच पानं. यापेक्षा जास्त वाचू नये. उतारा निवडताना पहिलं प्रकरण टाळते. त्यात ओळखी करून देण्याचं काम चाललेलं असतं. दोन पात्रांचा संवाद असलेला, काहीतरी अर्धवट राहिलेलं असेल असा मधला प्रसंग बरा. प्रतीत पेन्सिलीने श्वासाच्या जागी खुणा करते आणि ऐकताना गोंधळ करणारी वाक्यं बदलून ठेवते. डोळ्यांना सोपं असलेलं लांब वाक्य कानाला जड जातं.

इंग्रजी माध्यमाच्या वर्गात पद्धत बदलावी लागते. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे तिथली मुलं मराठी शिकत असतात, घरी बोलतही असतात. अडतं ते वाचनाच्या वेगात. जोडाक्षरांपाशी थांबत थांबत एक पान वाचायला त्यांना पाच-सहा मिनिटं लागतात आणि तोवर गोष्टीतला जीव निघून जातो. अशा वर्गात मुलांना वाचायला लावू नये. त्यांना आधी ऐकवायचं. ऐकताना ती कुठेच मागे पडत नाहीत, हसायच्या जागी हसतात, दचकायच्या जागी दचकतात. मग तेच पान छापून हातात द्यायचं, अक्षर सोळा पॉइंटचं, ओळींत मोकळी जागा. ऐकलेलं पान वाचताना वेग दुपटीने वाढतो, आणि आपल्याला मराठी पुस्तक वाचता येतं हे त्या मुलाला स्वतःला कळतं. हे एवढं झालं तरी फेरी कारणी लागली असं मी मानते.

मालवणी संवाद काढून प्रमाण मराठीत करा, असा सल्ला शहरातल्या कार्यक्रमाआधी हमखास मिळतो. तो मानू नये. डोंबिवली, लालबाग, परळच्या वर्गांत "खंय चललंस?" एवढं वाचलं की चार-दोन चेहरे उजळतात. ते आजीचं बोलणं असतं. शाळेच्या इमारतीत ते पहिल्यांदाच ऐकू आलेलं असतं.

प्रश्नांसाठी हात वर करायला सांगितलं तर तीच तीन मुलं बोलतात. मी पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराच्या चिठ्ठ्या वाटते, नाव न लिहिता प्रश्न लिहायला चार मिनिटं देते आणि पिशवीत गोळा करते. 'पुस्तक लिहून किती पैसे मिळतात' हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. त्याला खरं उत्तर द्यावं, आकड्यांसकट. 'शेवट असा का केला' हा प्रश्न आला तर उत्तराला दोन मिनिटं जास्त द्यावीत, कारण ते मूल पुस्तक पूर्ण वाचून आलेलं असतं.

काही चिठ्ठ्यांत प्रश्न नसतोच, स्वतःबद्दलचं काही असतं. अशी चिठ्ठी मोठ्याने वाचायची नाही. आधी डोळ्यांखालून घालून मगच आवाजात वाचायची, हा नियम मी मोडत नाही. तास संपल्यावर कुणी रेंगाळून काही सांगू लागलं तर ऐकून घ्यावं, पण 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नये. मुलाला त्रास होतोय, जिवाला धोका आहे असं वाटलं तर त्याला विचारून, त्याच्यासमोरच, त्याच्या विश्वासातल्या शिक्षकांना सांगावं. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक मी फळ्याच्या कोपऱ्यात तास सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवते, म्हणजे तो कुणा एकासाठी लिहिला असं होत नाही. आपण दुपारच्या लोकलने निघून जाणार असतो, ते शिक्षक सोमवारीही तिथे असणार असतात. फोटोंचंही तसंच. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो शाळेच्या लेखी परवानगीशिवाय मी कुठेही टाकत नाही. पाठमोरा वर्ग आणि फळा पुरेसा असतो.

विक्री वर्गात करू नये. मुलांच्या खिशात दोनशे रुपये नसतात, यूपीआय नसतं, आणि ज्यांच्याकडे आहेत ती सहीसाठी पुढे येतात तेव्हा बाकीची बघत राहतात. दहा दिवस आधी वर्गशिक्षकांकडे मागणीपत्रकं पाठवायची. त्यावर छापील किंमत, सवलतीची किंमत, तुकडी, पालकांची सही आणि 'पुस्तकावर नाव कसं लिहायचं' यासाठी एक रिकामी चौकट. ही चौकट सोडली तर घोटाळा ठरलेला. ऋजुता की रुजुता, ईशान की इशान, शौर्य की शौर्या हे कानाने कळत नाही आणि चुकीचं नाव पडलं की प्रत वाया जाते. २०० रुपयांचं पुस्तक १५० ला ठेवलं तर हिशेब सोपा राहतो. पुस्तकांवर जीएसटी नाही, तेव्हा वर काही लागत नाही. नव्वद मुलांत दहा-बारा पत्रकं भरून आली तर ते चांगलं म्हणायचं. दोन प्रती शाळेच्या ग्रंथालयाला द्याव्यात. ज्यांना घेता आलं नाही त्यांच्यापर्यंत पुस्तक पोचण्याचा तोच रस्ता असतो.

संध्याकाळच्या कार्यक्रमाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, पण दोन-तीन गोष्टी हातात ठेवता येतात. मुंबईत मराठी पुस्तकाला जागा आणि माणसं देणाऱ्या संस्था जुन्या आहेत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याच्याही आधीचं, १८९३ चं. त्यांचा नेहमीचा श्रोता येतो आणि मन लावून ऐकतो. पत्रिकेवर सहाची वेळ असली तरी सुरुवात सहा वीसला धरावी. सभागृह ठरल्या वेळेला रिकामं करून द्यावं लागतं, म्हणून वक्ते तीनच. चौथ्या मान्यवराच्या जागी पुस्तक वाचलेली दोन मुलं प्रत्येकी चार मिनिटं बोलू देत, ही माझी एकमेव अट असते. त्यांना तीन आठवडे आधी पुस्तक द्यावं आणि भाषण कुणी लिहून देणार नाही हे पालकांना प्रेमाने पण स्पष्ट सांगावं. ती अडखळतात, आवडलं नाही ते सरळ बोलतात, आणि सभागृहातली मोठी माणसं पुढे सरकून बसतात.

सहीला बॉलपेन. जेलची शाई मॅपलिथोवर पसरते आणि गुळगुळीत आर्ट पेपरवर वाळतच नाही, पुस्तक मिटलं की समोरच्या पानावर उलटी सही उमटते. सही शीर्षकाच्या पानावर करावी, मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला नाही. यूपीआयचा कोड छापील ठेवायचा, आणि तळमजल्यावरच्या सभागृहांत बऱ्याचदा रेंज नसते म्हणून पन्नासच्या वीस नोटा सुट्ट्या जवळ असू द्याव्यात.

पुण्याची फेरी याच हिशेबाने होते, फक्त डिसेंबरात तिथे पुणे पुस्तक महोत्सव असतो. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून तो भरतो आहे. प्रकाशक संध्याकाळची सहीची वेळ देऊ करतात, कारण गर्दी तेव्हा असते. कुमार लेखकाने सकाळ मागून घ्यावी. शाळांच्या सहली सकाळी येतात.

पैशांचं बोलायलाच हवं. प्रकाशकाकडून ४० टक्के सवलतीत घेतलेली २०० रुपयांची प्रत १२० ला पडते. १५० ला विकली तर तीस रुपये सुटतात. शाळेत बारा आणि संध्याकाळी पंचवीस प्रती गेल्या तर अकराशे दहा रुपये हाती येतात. जाण्यायेण्याचं स्लीपरचं तिकीट, लोकल, टॅक्सी, दोन वेळचं जेवण, पार्सल मिळून खर्च सतराशे-अठराशेवर जातो. ही तूट दर फेरीला लेखकाने सोसायची हे बरोबर नाही. त्यामुळे प्रवासखर्चाची गोष्ट पहिल्या पत्रातच, आकड्यासह लिहावी. ज्या शाळेला ते परवडणार नाही, ती तसं सांगते आणि मग आपण ठरवू शकतो. शाल-श्रीफळाऐवजी प्रवासखर्च द्या, असं मी आता न संकोचता म्हणते आणि त्याचं कुणाला वाईट वाटलेलं दिसलं नाही.

कार्यक्रम साडेआठला संपला तरी गाडीला साडेतीन तास असतात. उरलेल्या प्रती मी परत नेत नाही. मुंबईतल्या एका घरी ठेवते, पुढच्या फेरीला लागतात. बरोबर येते ती चिठ्ठ्यांची पिशवी. वर्गात जेमतेम दहा-बारा प्रश्न होतात, साठ-सत्तर तसेच राहिलेले असतात. दादरच्या प्रतीक्षालयात बसून त्यांचे गठ्ठे लावते. सारखे प्रश्न एकत्र, आणि काळजीच्या चिठ्ठ्या वेगळ्या पाकिटात. त्यांच्याविषयी वर्गशिक्षकांशी दुपारी शाळेतच बोलणं झालेलं असतं, सोमवारी पुन्हा एकदा फोन करते. बाकीच्यांची उत्तरं दोन पानांत लिहून आठ दिवसांच्या आत वर्गाच्या नावाने पोस्टात टाकते. दोन आठवडे उलटले की वर्ग सहामाही गुणांच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या गडबडीत शिरलेला असतो आणि पत्र सूचनाफलकावरच राहतं.